जपानच्या सहकाऱ्यांना भेटायला पहिल्यांदा निघताना: खेड्यातून जाणाऱ्यांसाठी

नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत रोज पहाटे कंपनीच्या बसने येणाऱ्यांमध्ये आजूबाजूच्या खेड्यांतली मुले-मुली आता पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींना नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी परदेशातील सहकाऱ्यांना भेटायला पाठवले जाते. मी सेलू तालुक्यातील एका गावात राहते, गुणवत्ता विभागात काम करते आणि नागोया शहराजवळच्या आमच्या भागीदार कारखान्यात दोनदा जाऊन आले आहे. पहिल्या वेळी गावात विचारायला कोणीही नव्हते. घरच्यांना आनंद होता, पण “तिथे जाऊन नेमके करायचे काय” याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. म्हणून जे मला आधी कळायला हवे होते, ते क्रमाने लिहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. तांत्रिक कामाची तयारी कंपनी करून घेते. आराखडे, अहवाल, नमुने हे सगळे ठरलेले असते. परंतु ज्या माणसांशी आपण वर्षभर ईमेलवर बोलतो, त्यांचा विश्वास जेवणाच्या टेबलावर, लिफ्टच्या दारात आणि बूट काढण्याच्या जागेवर मिळतो किंवा निसटतो, आणि त्याची तयारी आपल्यालाच करावी लागते. जपानमध्ये पाहुण्याची चूक कोणी तोंडावर दाखवत नाही, त्यामुळे चूक होऊन गेली तरी आपल्याला कळत नाही. आधी विचारून घेणे हाच त्यावर उपाय आहे.

पहिली पायरी: कागदपत्रे

जाण्याची चर्चा सुरू होताच पासपोर्ट काढावा. तारीख ठरण्याची वाट पाहू नये. विदर्भासाठी प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे, आणि काही शहरांतील डाकघरांतही अर्ज स्वीकारणारी केंद्रे आहेत. ऑनलाइन अर्ज भरतानाच जवळचे केंद्र निवडता येते. प्रौढांसाठी ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे, आणि तत्काळ हवा असल्यास वर २००० रुपये लागतात. दहावीचे प्रमाणपत्र अवश्य जोडावे. पोलीस पडताळणीच्या वेळी ठाण्यातून फोन येतो. खेड्यात मोबाइलची रेंज नसणे ही नेहमीचीच अडचण असल्याने अर्जावर असा क्रमांक द्यावा, जो दिवसभर लागतो आणि घरातील कोणीतरी उचलतो.

नावाबाबत अतिशय जागरूक राहावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि कंपनीच्या नोंदीत तिसरे नाव, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. माझ्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव होते आणि कंपनीच्या नोंदीत सासरचे. जपानहून निमंत्रणपत्र सासरच्या आडनावाने आले आणि ते बदलून मिळेपर्यंत नऊ दिवस गेले. लग्न झालेल्या मुलींनी हे सर्वांत आधी तपासावे. निमंत्रणपत्र, विमानाचे तिकीट, हॉटेलची नोंदणी आणि प्रवासविमा या चारही ठिकाणी पासपोर्टवर जसे आहे तसेच, अक्षर न् अक्षर तेच नाव हवे.

कामाच्या भेटीसाठी अल्पमुदतीचा व्हिसा लागतो आणि त्यासाठीची महत्त्वाची कागदपत्रे जपानमधील कंपनीच पाठवते: निमंत्रणाचे कारण सांगणारे पत्र, हमीपत्र आणि मुक्कामाचे दिवसवार वेळापत्रक. त्या वेळापत्रकात आपण कोणत्या दिवशी कुठे असू, हे लिहिलेले असते. ते नीट वाचावे, कारण विमानतळावरचा अधिकारी तेच विचारू शकतो. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईतील जपानच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. या व्हिसावर बैठका, पाहणी, चर्चा करता येते. तिथे पगारी काम करता येत नाही. निघण्याच्या किमान दोन महिने आधी या सगळ्याला हात घालावा.

दुसरी पायरी: तारखा आणि घरातून निघणे

तारीख सुचवण्याची संधी मिळाली, तर एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्यावरचे ओबोन सणाचे दिवस आणि वर्षअखेर टाळावी; त्या काळात तिथे मोठ्या सुट्या असतात, गाड्या भरलेल्या असतात आणि भेटायची माणसे आपापल्या गावी गेलेली असतात. आपल्याकडे पोळ्याला किंवा दिवाळीला कोणी पाहुणा कामाची फाइल घेऊन आला तर जे होईल, तेच तिथेही होते.

विमान चुकण्याचा धोका दिल्ली-मुंबईत कमी आणि आपल्या गावच्या नाल्यावर जास्त असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुलावरून पाणी गेले की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. पावसाळ्यात निघायचे असेल तर आदल्या दिवशीच नागपूरला नातेवाइकांकडे किंवा कंपनीच्या अतिथिगृहात मुक्कामाला जावे. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई आणि तिथून पुढे, असा प्रवास असतो. नागोयाला जायचे तर बहुधा वाटेत आणखी एका परदेशी विमानतळावर विमान बदलावे लागते. सर्व टप्पे एकाच तिकिटावर असावेत, असा आग्रह कंपनीच्या प्रवास विभागाकडे धरावा, म्हणजे एक विमान उशिरा आले तर पुढच्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे तिथे सकाळी आठची बैठक असेल, तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी महत्त्वाचे सादरीकरण ठेवू नये.

तिसरी पायरी: बॅग

जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे आणि प्लगला दोन चपट्या पिना असतात. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर “१०० ते २४०” असे लिहिलेले असते, ते चालतात. फक्त पिन बदलणारा अडॅप्टर नागपूरच्या बाजारातून आधीच घ्यावा. आपली पाण्याची केटली किंवा इस्त्री नेऊ नये. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी, मोठ्या बॅगेत ती चालत नाही.

औषधांच्या बाबतीत तिथले नियम फार कडक आहेत. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असते. आपल्या गावच्या मेडिकलमध्ये जे सहज मिळते, ते तिथे बंदी किंवा परवानगीच्या यादीत असू शकते. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात आणि एका महिन्याच्या आत पुरतील इतकीच न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यावे.

खाण्याचे पदार्थ न्यावेत, पण निवडून. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, बियाणे हे तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही आणि मांसाचा कोणताही पदार्थ चालत नाही. नागपूरची संत्री न्यावीशी वाटली तरी नेऊ नयेत. मी पहिल्या वेळी पऱ्हाटीची दोन फुटलेली बोंडे कागदात बांधून ठेवली होती. आमच्या वावरातला कापूस तिथल्या सहकाऱ्यांना दाखवायचा होता. बोंडात सरकी असते आणि सरकी म्हणजे बियाणे, हे निघण्याच्या आदल्या रात्री लक्षात आले आणि ती घरीच राहिली. त्याऐवजी मोबाइलमध्ये वावराची, वेचणीची, बैलबंडीची आणि घराची दहा-बारा छायाचित्रे न्यावीत. त्यांचा उपयोग किती होतो, हे पुढे सांगतेच. स्वतःसाठी सीलबंद जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे, खाकरे आणि गरम पाणी ओतून होणारा उपमा पुरेसा आहे. बहुतेक हॉटेलांच्या खोलीत पाणी गरम करण्याची किटली असते.

भेटवस्तूंचा विचार मनापासून करावा. जपानमध्ये कुठून आल्यावर आपल्या विभागातील सर्वांना त्या गावची खाण्याची वस्तू देण्याची प्रथा आहे, तिला ओमियागे म्हणतात. महागडी एक वस्तू साहेबांना आणि बाकीच्यांना काहीच नाही, असे करू नये. एकेक नग वेगळ्या कागदात गुंडाळलेला, टिकाऊ आणि घटक छापलेला पदार्थ असावा. मी शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या चिक्क्यांची खोकी नेली होती आणि विमानतळावर ती जाहीरही केली होती. विभागात किती माणसे आहेत, हे आधी विचारून चार-पाच नग जास्तच घ्यावेत. ज्यांच्याशी जास्त जवळचा संबंध आहे, त्यांच्यासाठी वर्ध्याच्या गोपुरीतील खादीचे उपरणे किंवा लहान पिशवी न्यावी. हातरुमाल मात्र भेट देऊ नये, त्याचा अर्थ ताटातूट असा घेतला जातो. चार या अंकाचा एक उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा असल्याने चार नगांचा संचही टाळावा.

कपड्यांबद्दल थोडक्यात: नागोयात जानेवारी-फेब्रुवारीत रात्री तापमान शून्याच्या आसपास उतरते आणि आपले स्वेटर तिथे पुरत नाहीत, आतून घालायचे गरम कपडे घ्यावेत. पायमोजे नवे आणि न फाटलेले हवेत, कारण बूट दिवसातून अनेकदा काढावे लागतात. सहज काढता-घालता येतील असे बूट असावेत. स्वतःसाठी खिशात एक हातरुमाल रोज असावा. पुष्कळ स्वच्छतागृहांत हात पुसायला कागद नसतो.

चौथी पायरी: उतरल्यावर

निघण्यापूर्वीच “व्हिजिट जपान वेब” या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरून मिळणारा क्यूआर कोड मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. विमानतळावर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतात, त्याला घाबरू नये, सर्वच परदेशी पाहुण्यांना ते द्यावे लागतात. पासपोर्ट हॉटेलात ठेवून बाहेर पडू नये. अल्पमुदतीच्या पाहुण्याने तो नेहमी जवळ बाळगावा, असा तिथला कायदाच आहे.

रोख पैसे थोडे तरी हवेत, कारण लहान दुकानांत अजूनही कार्ड नाकारले जाते. सेव्हन-इलेव्हन दुकानांतील एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात. नाणी १, ५, १०, ५०, १०० आणि ५०० येनची असतात. ती लवकर साठतात, म्हणून चिल्लरचे छोटे पाकीट न्यावे. बक्षिशी कोणालाही देऊ नये. आपण प्रेमाने दिलेले शंभर येन परत द्यायला हॉटेलचा माणूस रस्त्यापर्यंत धावत येतो आणि दोघांनाही अवघडल्यासारखे होते.

नागोयाच्या चुबू विमानतळावरून मेइतेत्सु कंपनीची जलद गाडी अर्ध्या तासाच्या आत नागोया स्थानकात पोहोचवते. स्थानकावरच मानाका किंवा तोइका नावाचे पैसे भरता येणारे कार्ड घ्यावे. तेच कार्ड रेल्वे, भुयारी रेल्वे, बस आणि पुष्कळ दुकानांत चालते. डब्यात मोबाइलवर बोलू नये. आपल्याकडे एसटीत शेजारच्याशी बोलत-बोलत प्रवास होतो आणि न बोलणे उद्धटपणाचे वाटते. तिथे डब्यातली शांतता हाच शेजाऱ्याचा मान आहे. घरून फोन आला तर “गाडीत आहे, उतरल्यावर करते” असा संदेश पाठवावा, आणि ही सवय घरच्यांना आधीच सांगून ठेवावी. सरकत्या जिन्यावर चालू नये. नागोया महापालिकेने ऑक्टोबर २०२३ पासून त्यावर उभेच राहावे, असा नियम केला आहे. रस्त्यावर कचराकुंड्या फार कमी आहेत, म्हणून पिशवीत एक रिकामी पिशवी ठेवावी आणि कचरा हॉटेलात आणून टाकावा. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

खोलीच्या दारामागे आपत्कालीन मार्गाचा नकाशा असतो, तो पहिल्याच रात्री पाहून घ्यावा. भूकंपाची पूर्वसूचना मोबाइलवर मोठ्या आवाजात येते; त्या वेळी टेबलाखाली जावे आणि हॉटेलचे कर्मचारी सांगतील तसे करावे. पोलिसांसाठी ११० आणि अग्निशमन दल व रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक आहेत.

पाचवी पायरी: सहकाऱ्यांमध्ये

वेळेबद्दल जेवढे ऐकले असेल तेवढे खरे आहे. बैठक नऊची असेल तर आठ पन्नासला दारात असावे. उशीर होणार असे वाटताच, अगदी तीन मिनिटांचा असला तरी, आधी कळवावे.

ओळख व्हिजिटिंग कार्डाने होते. कार्डे चांगल्या पाकिटात ठेवावीत, मागच्या खिशात नाहीत. उभे राहून, कार्डावरचे अक्षर समोरच्याला वाचता येईल असे धरून, दोन्ही हातांनी द्यावे आणि दोन्ही हातांनी घ्यावे. घेतल्यावर क्षणभर वाचावे. आधी मोठ्या पदाची माणसे देतात, मग बाकीचे. बैठकीत ती कार्डे टेबलावर समोरच्या बसण्याच्या क्रमाने मांडून ठेवावीत, त्यांच्यावर काही लिहू नये. एका हाताने कार्ड सरकवणे आणि आपल्याकडे प्रसाद डाव्या हाताने देणे, या दोन्हींत मला फरक वाटत नाही. हाक मारताना आडनावानंतर “सान” लावावे, पण स्वतःच्या नावानंतर कधीही लावू नये. कोठे बसायचे हे सांगितल्याशिवाय बसू नये. दारापासून सर्वांत दूरची जागा पाहुण्याची मानतात.

आता बोलण्याविषयी, आणि इथे थोडे थांबून समजून घ्यावे लागेल. आपण बोलत असताना समोरचा “हाइ, हाइ” म्हणत मान हलवतो, त्याचा अर्थ “मी ऐकतो आहे” एवढाच असतो. तो होकार समजून मी पहिल्या भेटीत एका नमुन्याची तारीख ठरली, असे इकडे आमच्या कंपनीला कळवून बसले. नंतर लक्षात आले की कोणीही हो म्हटले नव्हते. त्याचप्रमाणे “थोडे कठीण आहे” किंवा “विचार करून पाहतो” ही वाक्ये बहुतेक वेळा नकाराची असतात. आपल्याकडे जावयाने आणखी एक पुरणपोळी नको म्हणताना “पाहू” म्हटले, तरी वाढणारीला जे कळते, ते कळण्याइतका कान तिथे तयार करावा लागतो. बैठक संपताना आपण काय समजलो, हे एक-दोन वाक्यांत सांगून “बरोबर आहे ना” असे विचारावे आणि त्याच दिवशी ते लेखी पाठवावे. यात कोणालाही अपमान वाटत नाही, उलट बरे वाटते.

निर्णय बैठकीत होत नाहीत, बैठकीआधी होतात. यासाठी त्यांच्याकडे नेमावाशी असा शब्द आहे. तिथल्या माझ्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तो मला कागदावर झाड काढून समजावला: मोठे झाड दुसरीकडे लावायचे असेल तर आधी त्याच्याभोवती गोल खणून, मुळे जपून तोडून बांधून घ्यायची, नव्या मुळ्या फुटू द्यायच्या आणि मगच झाड हलवायचे. त्याने पेन्सिलीने मुळे एकेक करून काढली. मी त्याला मोबाइलवर आमच्या संत्र्याच्या बागेचे छायाचित्र दाखवले आणि खुणांनी, मोडक्या इंग्रजीत सांगितले की बहार धरायला आम्हीही झाडाला पाण्याचा ताण देतो, झाड घाईने फळत नाही. तोवर आमचे बोलणे मोजमापांपुरते होते. त्या दिवसापासून तो मला बैठकीआधी काय विचारायचे, कोणाला आधी भेटायचे, हे आपणहून सांगू लागला. म्हणून आपला प्रस्ताव असेल तर तो बैठकीत एकदम मांडू नये. आधी संबंधित प्रत्येकाशी एकेकट्याने बोलावे, त्यांच्या शंका घ्याव्यात, आणि बैठकीत जे सर्वांना आधीच ठाऊक आहे तेच औपचारिकपणे ठेवावे.

काम करताना आणखी एक शब्द सतत ऐकू येतो, होरेन्सो. अहवाल देणे, कळवणे आणि सल्ला घेणे या तीन शब्दांच्या पहिल्या अक्षरांपासून तो झाला आहे, आणि त्याच उच्चाराचा त्यांच्याकडे पालक या भाजीचाही शब्द आहे. अडचण आली तर ती स्वतः सोडवून मग सांगू, हा आपला स्वाभिमानी स्वभाव तिथे काम बिघडवतो. अडचण दिसताच सांगावी. कारखान्यात सकाळी रेडिओवरचा व्यायाम होत असेल तर संकोच न करता रांगेत उभे राहून करावा. संध्याकाळी निघताना “ओत्सुकारेसामा देस” म्हणावे, दिवसभराच्या श्रमांची ती परस्परांना दिलेली पावती आहे.

सहावी पायरी: जेवण

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा इथे आहे. वरून भाजी किंवा टोफू दिसत असला तरी बहुतेक रस्से आणि सूप दाशी नावाच्या अर्कात शिजतात आणि दाशी बहुधा सुकवलेल्या माशापासून करतात. नुसते “शाकाहारी” म्हटले तर मांसाचे तुकडे काढून तेच सूप समोर येते, आणि वाढणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. म्हणून जाण्याच्या दोन आठवडे आधी, मी काय खाते आणि काय खात नाही, याची स्पष्ट यादी ईमेलने पाठवावी: मांस नाही, मासे नाहीत, माशाची दाशीही नाही, दूध चालते, अंडे चालते की नाही. तीच यादी एखाद्या सहकाऱ्याकडून जपानी भाषेत कागदावर लिहून घेऊन पाकिटात ठेवावी. ऐनवेळी जेवणाच्या टेबलावर नको म्हणण्यापेक्षा हे कितीतरी सौजन्याचे आहे, कारण यजमानाने जागा आधीच निवडलेली असते. बौद्ध मठांच्या परंपरेतले शोजिन र्योरी नावाचे जेवण मात्र शाकाहारी असते. यजमानांनी पर्याय विचारले तर ते सुचवावे.

मांसाहार करणाऱ्यांना अडचण कमी आहे, तरी सावजीची सवय असलेल्या जिभेला तिथले जेवण सौम्य वाटेल. यजमानांसमोर बॅगेतून चटणी काढू नये, ती खोलीवर.

जेवणाआधी “इतादाकिमास” आणि नंतर “गोचिसोसामा” म्हणतात. पंगतीत “वदनी कवळ घेता” म्हणून वाढलेल्या आपल्या माणसाला त्याचा भाव समजावून सांगावा लागत नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये. या दोन्ही क्रिया तिथल्या अंत्यविधीशी निगडित आहेत. निघण्यापूर्वी महिनाभर घरी शेंगदाणे उचलण्याचा सराव करावा. नाहीच जमले तर चमचा मागण्यात काही कमीपणा नाही.

संध्याकाळी सर्वांनी मिळून जेवण आणि मद्यपान करण्याचा कार्यक्रम होतो. तिथे जाणे टाळू नये, पण पिणे आवश्यक नाही. “मी ऊलाँग चहा घेते” असे पहिल्यांदाच सांगितले की पुढे कोणी आग्रह करत नाही. सर्वांनी मिळून “कांपाइ” म्हणेपर्यंत पेला ओठाला लावू नये. आपला पेला आपण भरायचा नसतो, शेजाऱ्याचा आपण भरायचा. याच टेबलावर घरची छायाचित्रे कामाला येतात. कापसाचे शेत, पोळ्याला सजवलेली बैलजोडी, अंगणातली आजी दाखवली की दिवसभर गप्प असलेली माणसेही आपल्या गावाबद्दल, आईवडिलांच्या भातशेतीबद्दल सांगू लागतात.

सामूहिक गरम पाण्याच्या स्नानगृहात नेले तर आधी अंग पूर्ण धुऊन मगच कुंडात उतरावे, कपडे न घालता. संकोच वाटत असेल तर नम्रपणे नाही म्हणावे. तिथे पुष्कळ ठिकाणी अंगावर गोंदलेले असेल तर प्रवेश देत नाहीत, म्हणून हातावर गोंदण असलेल्यांनी आधी विचारून घ्यावे.

सातवी पायरी: सुटीचा दिवस

मधला शनिवार-रविवार खरेदीत घालवू नये. नागोयात असाल तर टोयोटाचे उद्योग आणि तंत्रज्ञान स्मारक संग्रहालय अवश्य पाहावे. ते सोमवारी बंद असते. मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या या उद्योगाची सुरुवात कापडाच्या मागापासून झाली. साकिचि टोयोदा यांनी १९११ साली जिथे मागाच्या चाचण्यांसाठी कारखाना उभारला, त्याच जागेवर हे संग्रहालय आहे, आणि १९२४ चा त्यांचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तिथे पाहायला मिळतो. कापसापासून सूत कसे निघते, हे तिथे प्रात्यक्षिकाने दाखवतात. दाखवणाऱ्या बाईंनी माझ्या हातात कापसाचा पुंजका दिला, तेव्हा मी सवयीने तो दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला आणि धाग्याची लांबी पाहिली, जसे बाबा बाजारात गाडी लागल्यावर व्यापाऱ्याच्या आधी स्वतः पाहतात. बरोबरच्या सहकाऱ्याने ते पाहिले आणि पुन्हा करून दाखवायला सांगितले. १८९३ पासून मुंबईहून जपानला थेट जहाजे जाऊ लागली, ती मुख्यतः भारतीय कापूस नेण्यासाठीच; आपल्या काळ्या मातीचा आणि त्या देशाचा संबंध आपल्या नोकरीपेक्षा कितीतरी जुना आहे.

नागोयातच निताइजी हे मंदिर आहे. १९०० साली सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाने जपानला दिलेल्या बुद्धांच्या अस्थी ठेवण्यासाठी ते १९०४ मध्ये स्थापन झाले. दीक्षाभूमीच्या परिसरातून आलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही. सहकाऱ्यांना सांगण्यासारखेही आपल्याजवळ बरेच आहे. जपानमधून आलेले भदंत सुरई ससाई नागपुरातच राहिले आणि भारताचे नागरिक झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर जपानी मदतीतून उभे राहिले. भिक्खू निचिदात्सु फुजी वर्ध्याला गांधीजींकडे आले होते, आणि सेवाग्राम आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेची सुरुवात आजही “नम्यो हो रेंगे क्यो” या जपानी मंत्राने होते. ही शेवटची गोष्ट मी सांगितली तेव्हा टेबलावरचे सर्वजण थांबले आणि एकाने मला तो मंत्र आम्ही कसा म्हणतो, ते म्हणून दाखवायला सांगितले.

आठवी पायरी: परत आल्यावर

पोहोचल्याच्या दोन दिवसांत प्रत्येकाला वेगळे आभाराचे ईमेल लिहावे आणि त्यात त्या व्यक्तीने केलेली एक नेमकी गोष्ट नमूद करावी. खर्चाच्या पावत्या तिथेच रोजच्या रोज लिफाफ्यात घालून तारीख टाकावी, कारण त्या जपानी भाषेत असतात आणि नंतर कोणती जेवणाची व कोणती गाडीची, हे ओळखता येत नाही. आपल्या विभागासाठी तिकडची वेगवेगळ्या कागदात गुंडाळलेली मिठाई आणावी. शाकाहारी सहकाऱ्यांसाठी घटक तपासून घ्यावेत.

त्यांना आपल्याकडे येण्याचे निमंत्रण द्यावे आणि महिना स्वतः सुचवावा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा बोलावू नये. डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी उत्तम: वावरात पऱ्हाटीची वेचणी चालू असते, ज्वारीचा हुरडा असतो, सेवाग्रामला सकाळी धुके असते. येणाऱ्यांना मच्छरदाणीची खोली, उकळून गार केलेले पाणी आणि कमी तिखटाचे वेगळे पातेले लागेल, हे घरी आधी सांगून ठेवावे. आमच्याकडे गेल्या जानेवारीत दोघे आले, तेव्हा आईने झुणका दोन भांड्यांत केला होता आणि बाबांनी त्यांना धुऱ्यावर बसवून, पायातले बूट काढायची गरज नाही, हे तीनदा सांगितले. तरी त्यांनी काढलेच.